तळाशी जाऊन आलेले अप्पा

गणपतीचे डोळे लिहिताना दत्तूअप्पा श्वास धरायचे. ब्रश रंगात बुडवला, छाती भरून घेतली, की बुबुळाची रेघ पुरी होईपर्यंत श्वास आत नाही की बाहेर नाही. तेवढा वेळ अंगणात आलेल्या गिऱ्हाइकाने गप्प उभे राहायचे. मी गावात नवा होतो, शाळेत विज्ञान शिकवायला आलेला. नेमका तेव्हाच मोठ्याने नमस्कार केला. अप्पांनी रेघ पुरी केली, श्वास सोडला आणि मग म्हणाले, "मास्तर, डोळं लिवताना मानूस हलला की देव जलमभर तिरका बघतो. पुढच्या बारीला जरा दमानं." देवाचा जन्म तो केवढा, दहा दिवसांचा. पण अप्पांच्या लेखी तो पुरा जन्म होता.

आमचे गाव रहिमतपूरच्या वाटेवरचे. देवळामागे दगडी पायऱ्यांचे जुने तळे होते, आणि नव्वदच्या सुमारास त्याचा वास बाजारपेठेपर्यंत यायचा. पाण्यावर हिरवी साय, कडेला जलपर्णी, उन्हाळ्यात मेलेले मासे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी तळे सुधारायला समिती काढली आणि शाळेतला म्हणून मला तीत ओढले. जलपर्णी निघाली, गटाराचे तोंड वळवले. आता पाणी सुधारते आहे की नाही, हे पाहायला तळाचे पाणी हवे, गाळ हवा, फोटो हवेत. खाली जाणार कोण? विहिरीत पडलेल्या घागरी काढून द्यायला गाव अप्पांनाच बोलवायचे, म्हणून त्यांना विचारले. मी पुण्याहून पाणबुड्यांचे सामान मिळते का बघतो म्हणालो, तर हसले. "नळीबिळी नगं. छातीत मावंल तेवढं बास हाय."

दोन उन्हाळे त्यांनी बुड्या मारल्या. कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक माझ्या हातात. बरण्या भरून वर आले की पायरीवर बसून मला खालची खबर सांगायचे. "हितं गुडघाभर गाळ हाय." "त्या कोपऱ्यात झरा जिता हाय, मास्तर. पायाला गार लागतंय." झऱ्याची खबर सांगताना त्यांना कोण आनंद! मित्राकडून आणलेला, पाणी न शिरणाऱ्या डब्यातला कॅमेराही ते चालवायला शिकले. कान दुखायचे. कापूस घालून परत उतरायचे. मी डॉक्टरांकडे चला म्हटले की म्हणायचे, "कानाला काय कळतंय? बघायचं काम डोळ्याचं हाय."

दुसऱ्या उन्हाळ्यात बराच गाळ काढून झाला होता. एके सकाळी अप्पा रिकामी बरणी घेऊन वर आले.

"मास्तर, खाली देव हायती."

"कुणाचे?"

"माझं."

शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो. पण चार-पाच वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, म्हादूने, प्लास्टरच्या मूर्तींचे साचे आणले होते. मूर्ती हलकी, लवकर वाळणारी, घर त्यावर उभे राहिलेले. तळ्यात विसर्जन केलेल्या त्याच मूर्ती न विरघळता गाळाखाली पडून होत्या. "सोंडा मोडल्यात, रंग उडालाय," अप्पा म्हणाले. "डोळं तेवढं हायती. माझ्याकडंच बघत हुतं." मग कॅमेरा मागून घेतला आणि परत खाली गेले.

देवळाच्या सभामंडपात आम्ही फोटोंचे प्रदर्शन मांडले, तेव्हा सुभेदार म्हणाले, ते फोटो वगळा. बोळवण केलेला देव पुन्हा बघायचा नसतो, ही आमच्याकडची समजूत. लोक दुखावतील. अप्पा शांतपणे म्हणाले, "लावा. आन खाली लिवा, कुनी केलंत ते."

लावले. लोक आले, फोटोंना हात जोडून गेले. आणि त्या भाद्रपदात अप्पांच्या अंगणात कुणी फिरकले नाही. देवाला तशा अवस्थेत बघून आलेल्या माणसाच्या हातची मूर्ती घरात नको, असे गावाचे ठरले. लोकांनी बाहेरगावाहून टेंपोने गणपती आणले. प्लास्टरचेच. अप्पांनी त्या वर्षी पुन्हा शाडूच्या केलेल्या मूर्ती फळीवर तशाच राहिल्या. मला अजून त्या गावाचा राग येतो, आणि मी त्याच गावात राहतो.

म्हादू वडिलांना माझ्यादेखत म्हणाला, "अप्पा, तुमी खाली देव बघितलं. वर घर न्हाई बघितलं." म्हादू साखर कारखान्यावर कामाला लागला आणि एका घरात राहून बापलेकांचे बोलणे थांबले. अप्पांचे कानही गेले होते. शेवटी मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली.

पुढे विसर्जनासाठी तळ्याकाठी वेगळा हौद बांधला. पाणी निवळले. ही बातमी द्यायला मी मुद्दाम सांगलीला गेलो. त्यांच्या कानाशी ओरडून सांगितले, "अप्पा, आता पाण्याखालच्या पायऱ्या दिसतात." शेजारी दारात आले, एवढा आवाज. अप्पांनी मान डोलावली आणि विचारले, "म्हादू दिसतो का कवा?"

"दिसतो."

"माझं काय इचारतो?"

मला खोटे ओरडता येईना. एवढे स्वच्छ झालेले पाणी, आणि त्या क्षणी मला त्या पाण्याचाच राग आला.

पुढच्या हिवाळ्यात अप्पा गेले. माझी राख पाण्यात टाकू नका, एवढे मुलीला सांगून ठेवले होते. कृष्णेच्या घाटावर भावकी अडून बसली. नदी समोर असताना हे काय भलतेच, म्हाताऱ्याला गती कशी मिळायची? म्हादूने राखेचे मडके उचलले, छातीशी धरले आणि म्हणाला, "पानी लय सोसलं त्यांनी. मातीत असूदे."

आमच्या गावच्या ओढ्याकाठी, त्यांच्या वाडवडिलांनी मडक्यांसाठी माती काढलेला खड्डा आहे. म्हादू, त्याची बहीण आणि मी, तिघेच गेलो. म्हादूने राख हाताने मातीत कालवली. बराच वेळ कालवत होता. मग वर न बघता म्हणाला, "सर, ते फोटो मी कवा बघितलंच न्हाईत. खाली कसं हुतं?"

"मी फोटोच बघितलेत म्हादू," मी म्हणालो. "खाली एकटे अप्पाच गेले होते."