बाबांचा रविवार आणि पाण्याचे ड्रम

परवा आमच्या फ्लॅटवर वायफाय दुरुस्त करणारा माणूस आला, दहा मिनिटांत काम केलं आणि गेला. तो गेल्यावर मी दार लावून चक्क रडत बसले...

झालं असं, की आतल्या खोलीत माझ्या ऑफिसच्या मीटिंग सारख्या तुटत होत्या. बीड बायपासच्या पुढे नवी सोसायटी, पाणी टँकरचं, म्हणून हॉल आणि खोलीच्या मधल्या पॅसेजमध्ये मी पाचशे लिटरची टाकी ठेवलीय. त्या माणसाने राउटर बघितला, मग टाकीवर थाप मारली. "मॅडम, राउटर एकदम ओके है. बीच में ये पानी कायकू रखे? पानी सिग्नल खा जाता."

मी आयटी सपोर्टमध्ये नोकरी करते. आणि हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. माझ्या बाबांनी हेच मला सांगितलं होतं, दुष्काळाच्या त्या वर्षी, पुंडलिकनगरच्या घरात.

तेव्हा दादा नुकताच नोकरीसाठी बंगळूरला गेला होता. जाताना जुना गेम कन्सोल घरी ठेवून गेला, तिकडे स्वतःसाठी दुसरा घेतला. दर रविवारी सकाळी तो आणि बाबा ऑनलाइन कार रेस खेळायचे. तहसील कचेरीतून रिटायर झालेले आमचे बाबा प्रत्येक वळणावर गाडी भिंतीवर घालायचे, पण खेळायचे.

खरं सांगायचं तर त्या दोघांचं फोनवर कधी जमलंच नाही. "बरा आहेस का?" "हो." "आईकडे देतो." संपलं! पण कानाला हेडफोन आणि हातात रिमोट आला, की तेच दोघं तासभर बोलायचे... ऑफिस, मेसचं जेवण, सोयगावची शेती. दादाला एक मुलगी आवडलीय हे आईच्याही आधी बाबांना कळलं होतं.

मग नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायला लागलं. सगळ्या गल्लीने आणले तसे आम्हीही दोनशे लिटरचे पाच ड्रम आणले, पॅसेजमध्ये ओळीने लावले, त्यावर पुन्हा कॅन आणि हंडे. अलीकडे हॉलमध्ये राउटर, पलीकडे खोलीत खाली स्टुलावर कन्सोल. त्याच महिन्यात कन्सोलचं वायफाय तुटायला लागलं.

घरातली इंजिनिअर मीच, त्यामुळे जोशात कामाला लागले. राउटर बंद-चालू केला, चॅनल बदलला, जुन्या मशीनला नवी सिक्युरिटी कळत नाही म्हणून राउटरचं ते सेटिंगही जुन्या पद्धतीचं केलं. कधी लागायचं, कधी नाही... शेवटी मी जाहीर करून टाकलं, की मशीन म्हातारं झालंय. राउटरपासून कन्सोलपर्यंत एक केबल ओढली असती तरी काम भागलं असतं, पण तेवढाही धीर मला नव्हता.

बाबा म्हणाले, "मशीनचं नाय गं. नळ येऊन गेला की हे बंद पडतंय, पाणी सरत आलं की पुन्हा लागतंय. मी लई दिवस बघतोय."

मी हसले. नुसती हसले असते तरी एक वेळ चाललं असतं... मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. 'बाबांचा नवा शोध : नळाला पाणी आलं की वायफाय जातं.' काका, मावश्या, वैजापूरची आत्या, सगळ्यांनी हसून घेतलं. दादासुद्धा हसला. बाबांनी मोबाईल बघितला, चष्मा काढून ठेवला आणि गच्चीवर निघून गेले.

त्यानंतर थोडेच रविवार ते खेळायला बसले. मग कन्सोल माळ्यावर गेला. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बाप-लेकाचं बोलणं परत "आईकडे देतो" वर येऊन थांबलं. आजही तिथेच आहे.

परवा संध्याकाळीच मी पुंडलिकनगरला गेले. माळ्यावरून कन्सोल काढला, पुसला, पॅसेजमधले उरलेले दोन ड्रम रिकामे करून बाहेर ठेवले. सिग्नलच्या सगळ्या काड्या लागल्या! मला इतका आनंद झाला, की दादाला फोन लावायला निघाले होते... तेवढ्यात गेम उघडला आणि स्क्रीनवर आलं, की या गेमची ऑनलाइन सेवा बंद झालेली आहे. जुनं मशीन, जुना गेम, कधीतरी बंद होणारच होती.

मी बाबांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं. ड्रममधलं पाणीच आडवं येत होतं. माझं चुकलं."

"मला माहीत व्हतं," ते म्हणाले. "एकदा नळ आला तवा मी ड्रम बाहेर ओट्यावर ठेवून भरले. त्या रविवारी एकदाबी तुटलं नाय. दादाशी दोन तास बोललो. मग तुझ्या आईनं आत घ्यायला लावले, बाहेरचं पाणी कोण राखत बसणार?"

"मग मला का नाही सांगितलं? मी केबल टाकून दिली असती!"

"तू पुन्हा ग्रुपवर टाकलं असतंस," बाबा म्हणाले.

त्यात राग नव्हता. सहज सांगितल्यासारखं सांगितलं आणि आईला चहा ठेवायला हाक मारली. मला मात्र मान वर करता येईना...

आमच्या कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे कधीपासून होतंय?" अनोळखी माणसांना मी तो रोज विचारते आणि उत्तर पूर्ण ऐकून घेते. बाबांनी तर न विचारताच उत्तर दिलं होतं.