न झालेल्या भूमिपूजनाची बातमी

मी अजिनाथ. आमदार काकासाहेबांची गाडी चालवतो, अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं, आमदाराच्या ड्रायव्हरला सगळं कळतं. काय डोंबल कळतं! संघपालच्या बाबतीत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी चूक कोणाची ते मला अजून सांगता येत नाय. ऐका, अन् तुम्हीच सांगा.

संघपाल हिवराळे शहरातल्या छावणी भागातला. वय चोवीस, विद्यापीठातून पत्रकारिता शिकलेला. त्याची आई छावणीच्या बाजारात भाजी विकते. साहेबांनी त्याला वर्तमानपत्रांसाठी बातम्या लिहायला ठेवलं, तर माय दोन दिवस गिऱ्हाइकांना मूठभर कोथिंबीर फुकट देत सुटली. पोराला पद मिळालं प्रसिद्धीप्रमुख. प्रमुख तोच अन् हाताखालचा माणूसही तोच. मी त्याला चिडवायला पत्रकसाहेब म्हणायचो. तो चिडायचा नाय, उलट मलाच विचारायचा, "मामा, साहेब कालच्या सभेत नेमके कोणाच्या बाजूनं बोलले?" अरे बाबा, मी स्टेअरिंग धरणारा माणूस, मला काय विचारतो!

त्याला सगळ्यात जड गेली ती एक रीत. तालुक्याचं पान दुपारी चारच्या आत तयार होतं, अन् आमचे कार्यक्रम उशिरा उरकतात. मग सगळ्याच पुढाऱ्यांची माणसं काय करतात, तर बातमी आधीच लिहून पाठवतात. नारळ अजून दुकानात असतो, पण बातमीत तो वाढवलेला असतो. टाळ्यासुद्धा वाजून जातात! संघपालला हे पटेना. "मामा, कार्यक्रम झालाच नाय तर?" मी म्हणालो, "लिही बिनधास्त. साहेब उशिरा जातील, पण जातीलच." पोरगं माझ्यावर विश्वास ठेवून लिहायला लागलं.

आता राजाबाईचं सांगतो. सिल्लोडच्या पुढं बोरखड्याची वस्ती आहे, धनगरांची पंचवीस घरं. वस्ती अन् शाळेच्या मधी ओढा. पावसाळ्यात पोरांची शाळा बंद. मागच्या साली राजाबाईची नात त्या ओढ्यात वाहून चालली होती, एका गड्यानं वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. तवापासून ही म्हातारी पुलासाठी आमच्या कार्यालयाचे उंबरे झिजवत होती. बाकीचे तिला "बसा तिकडं" म्हणायचे. संघपालनं तिला चहा पाजला, अर्ज लिहून दिला, अन् भरात बोलून बसला, "मावशी, तुमचा पूल मी करून घेतो." तू कोण रे, आमदार का इंजिनिअर? पण बोलला खरा, अन् साहेबांच्या मागं हात धुऊन लागला. पूल मंजूर झाला. मे महिन्यातल्या एका सोमवारी चार वाजता भूमिपूजन ठरलं.

त्या दिवशी दुपारी बारालाच बातमी गेली. काकासाहेबांनी कुदळ मारली, राजाबाईंच्या हस्ते नारळ वाढवला, काम सुरू झालं. सोबत साहेबांचा कुदळ मारतानाचा फोटो, दुसऱ्याच गावातला, मागच्या सालचा. दोनला आम्ही निघालो. हर्सूलपर्यंत गेलो नाय तर साहेबांना फोन आला, मुंबईचे मंत्री अचानक चिकलठाण्याला विमानानं उतरताहेत. साहेब म्हणाले, "अजिनाथ, फिरव." मी फिरवली.

मागं बसलेल्या संघपालचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, बातमी गेलीय. फोन करून थांबवतो."

"राहू दे रे. आठवड्यात जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, तीन कॉलम. साहेबांनी संघपालच्या पाठीवर थाप मारली, "झकास!" ते आत गेल्यावर पोरगं माझ्याकडं आलं. "मामा, मला वाटलं आज शिव्या बसतील. हे तर खूश झाले. मग मी चूक केली का काम केलं?" मी हसलो. हसायला नको होतं. आठवडा गेला, तीन आठवडे गेले, साहेबांना सवड झाली नाय. संघपाल रोज आठवण करायचा. शेवटी साहेब खेकसले, "किती वेळा तेच ते!"

परवा राजाबाई आली. हातात बातमीचं कात्रण. बसलीच नाय, उभ्यानंच बोलली. पुलाच्या कचेरीत जाऊन तिनं काम कधी सुरू करता म्हणून विचारलं होतं. तिथल्या बाबूनं हेच कात्रण फाईलीतून काढून तिच्या हातात ठेवलं. काम चालू, असा शेरा मारून फाईल मिटवलेली. वर तिला हसला, "आजी, नारळ तर तुम्हीच वाढवला, आता विसरला व्हय?"

"मी वाढवला?" राजाबाईचा आवाज कापत होता. "मी दिवस मावळंस्तवर ओढ्याच्या काठाला बसले, नवं लुगडं नेसून! लेकरा, अर्ज लिव. हे ज्या कोणी लिवलं त्याला हुडका म्हणावं. पाऊस तोंडावर आलाय."

संघपालनं माझ्याकडं पाहिलं. साहेब आतच होते. मी डोळ्यानंच खुणावलं, गप बस, नोकरी जाईल. त्यानं कागद ओढला अन् लिहिलं. तिला वाचता येत नाय, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. "बोरखड्याला भूमिपूजन झालेलं नाही. काम सुरू नाही. छापून आलेली बातमी खोटी आहे. ती मी लिहिली. संघपाल हिवराळे, आमदारांचं कार्यालय."

राजाबाई बघतच राहिली. "तू?"

"व्हय मावशी. मीच."

"मग आता पावसात माझी नात तू नेणार का वलांडून?"

त्यानं शाईची डबी तिच्यापुढं सरकवली. तिनं अंगठा उठवला. मग तो माझ्याकडं वळला. "मामा, खाली साक्षीदार म्हणून सही करता का? गाडी हर्सूलहून फिरवली ती तुम्हीच. तुम्ही सांगितलं तर कचेरीत ऐकतील."

मी म्हणालो, "मला गाडी धुवायचीय."

अन् खरंच बादली उचलून दाराकडं चाललो. मागून राजाबाईचा आवाज ऐकू आला, मघापेक्षा मऊ. "राहू दे रे त्याला. त्याच्याबी घरी लेकरं असतील."

तिनं मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं.