चौकीतली भोकं

रानशेत गावाच्या पुढे, आमच्या पाड्यावरच्या टेकाडावर एक जुनी दगडी खोली आहे. कधीकाळी तिथे शिपायांचा पहारा असायचा, म्हणून सगळे तिला चौकी म्हणतात. अंगणवाडीचं छप्पर कोसळलं तेव्हा मी, तिथली बाई, भांडून ती खोली मागून घेतली. खोली मिळाली, पण पोरं येईनात. "चौकीत पोर नाय ठेवायची बाय," आया म्हणायच्या. चौकीत नेणं म्हणजे धरून नेणं, हे इथे डोक्यात घट्ट बसलेलं. खाऊ झाला, गाणी झाली. शेवटी एकच पोरगी उरली, तीही भोकाड पसरणारी. पोरं नसतील तर अंगणवाडी ओढ्यापलीकडे जाणार होती. भरल्या ओढ्यातून एवढंसं पोर कोण पाठवणार? माझा जीव टांगणीला लागलेला.

त्यात भिंतीतली ती भोकं! आतून रुंद, बाहेर अरुंद, जमिनीपासून जेमतेम वर. हवेसाठी म्हणावं तर इतकी खाली कशाला? दिव्यासाठी म्हणावं तर आरपार कशी? काही केल्या उमगेना. साप येतील म्हणून ती बुजवायला मी गवंड्याला बोलावलं. त्याने सिमेंट कालवलं, आणि तेवढ्यात ती रडणारी पोरगी एका भोकात तोंड घालून एकदम गप्प झाली.

"माजी आय दिसते!"

मी गुडघे टेकून पाहिलं. अगंबाई! खाली तिची आई नाचणी खुरपत होती.

"थांब रे बाबा, हात लावू नकोस!" मी गवंड्यावर ओरडले. तशीच बसले असताना लक्षात आलं, असाच गुडघा टेकून शिपाई बंदूक लावत असणार. चौकी गुजरातच्या वाटेवर नजर ठेवायला होती, असं सगळे सांगतात.

संध्याकाळी पोरीला न्यायला आई आली. तिलाही मी हौसेने दाखवलं. ती एकेका भोकाशी वाकून बघत राहिली.

"वाट कुठं हाय, बाय? इथून तर निस्ता आमचा पाडा दिसतो."

म्हणजे बंदुका पाड्यावरच रोखलेल्या. लाज वाटली, आणि भीतीही. झालं, आता हीसुद्धा पोर नेणार.

दुसऱ्या दिवशी ती आली, शेजारणींची पोरंही घेऊन. पोरीला भोकाशी बसवलं, पदर खोचला आणि तिला म्हणाली, "मी खाली खुरपाया जाते. माझ्यावर नजर ठेव गं."