अमेरिकन गाडीला सोलापुरी ठिणगी

डॉक्टरांच्या अमेरिकन गाडीतला एक डबा मी जाळला, आणि तोही पूर्ण आत्मविश्वासानं. आज नातवंडं बिघडलेला मिक्सर माझ्यापुढे आणून ठेवतात तेव्हा मनात म्हणते, लेकरांनो, कुणाच्या हातात देताय याची कल्पना आहे का?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. होटगी रोडवर आप्पांचं गॅरेज होतं आणि मी तिथं इलेक्ट्रिकचं काम बघायची. डिप्लोमा नवाकोरा, पदर कमरेला खोचलेला, नाक वर. आप्पांनी मला ट्रायलवर घेतलं होतं. ही गाडी आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही नीट केलीस तर कायम. न्हाय तर उद्यापास्नं घरी बस. डॉक्टर गेला की त्याच्या मागनं चार गिऱ्हाइकं जात्यात."

डॉक्टर नुकतेच परदेशातून आले होते, गाडी मागाहून बोटीनं आली होती. तक्रार अशी, की गाडी चढाला ओढत नाही आणि अक्कलकोट रोडला लागली की पाणी उकळतं. बॉनेट उघडलं तर आत रबरी नळ्यांचं जाळं. शेजारी डॉक्टर गाडीचं मॅन्युअल वाचून दाखवत उभे.

"तिकडे काय करतात, बाई..."

"डॉक्टर, जरा उजेड सोडता का?"

आता थोडं समजून घ्या. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीला व्हॅक्यूम म्हणतात. ती ओढ नळीतून डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे स्पार्क वाटणाऱ्या भागाला पोचते आणि स्पार्क जरा लवकर पाडते. स्पार्क उशिरा पडला की गाडी ओढत नाही आणि तापते. तिकडे अमेरिकेत धुराचे कायदे आले होते. म्हणून कंपनीनं त्या नळीच्या मध्ये विजेवर उघडणारी एक छोटी तोटी बसवली होती. हाच सॉलेनॉइड. गाडी टॉप गिअरमध्ये गेली की त्याला करंट मिळतो, टिक् आवाज होतो आणि वाट उघडते. एरवी ती बंद. करंट कधी सोडायचा ते ठरवायला एक कंट्रोल बॉक्स.

मी ठरवून टाकलं, सॉलेनॉइडच गेलाय. का? तर तो मी पहिल्यांदाच बघत होते. जी वस्तू ओळखीची नाही तीच गुन्हेगार, असा माझा तेव्हाचा न्याय!

आमच्या गॅरेजात काहीही तपासायची एकच रीत होती, ठिणगी मारून बघायची. बॅटरीची उघडी तार टेकवायची, चट् झालं की करंट आहे. मीटर माझ्या पिशवीत होता, पण तो काढला तर 'पोरीला पुस्तक बघून येतं' म्हणतील. मग काय, चावी ऑन, टॉप गिअर टाकलेला, सॉलेनॉइडचा वायरींचा प्लग जागेवर, आणि मी बॅटरीची तार नेऊन टेकवली सॉलेनॉइडच्या दुसऱ्या पिनेला. ती पिन होती परतीची, थेट बॉक्सकडे जाणारी. शेजारी पेट्रोलनं ओला कार्ब्युरेटर. पेटलं नाही हे माझं नशीब.

चट् झालं. मग बॉक्समधून बारीक धूर.

डॉक्टर चहाला गेले होते. मी मुकाट्यानं चावी बंद केली, बॅटरी सोडवली, सॉलेनॉइड काढून लांब टेबलावर नेला. मध्ये फ्यूज घालून त्याला क्षणभर करंट दिला. टिक्! नळीत फुंकलं, हवा पार. करंट काढला, हवा बंद. म्हणजे सॉलेनॉइड ठणठणीत! मग नळ्या चाचपल्या. डिस्ट्रिब्युटरकडची नळी खालच्या अंगानं इंजिनच्या धगीनं तडकली होती. नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं.

नवी नळी घातली, पण बॉक्स मेलेला, तोटी उघडणार कशी? शेवटी सॉलेनॉइड वगळून नळी सरळ जोडली. अमेरिकेच्या हवेचं अमेरिका बघेल. आप्पांनी चक्कर मारली. गाडी पळाली, पाणीही उकळलं नाही.

ते परतल्यावर मी बॉक्सचं सांगितलं. सगळं ऐकून आप्पा कुजबुजले, "बोलू नको. पळतीया की!"

चहाहून परतलेल्या डॉक्टरांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. "जळका वास कसला?"

"नवं रबर हाय, डॉक्टर," आप्पा म्हणाले.

"रबर नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "कंट्रोल बॉक्स मी जाळला. बिघाड नळीत होता."

डॉक्टरांनी मॅन्युअल मिटलं. "बाई, आम्हीसुद्धा आधी नाडी बघतो, पोट मग फाडतो."

आप्पांनी नवा बॉक्स गॅरेजच्या खर्चानं मागवायचं कबूल केलं. तो यायला किती महिने लागतील, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ते गाडी घेऊन गेले. तेव्हापासून नव्या माणसाला मी एवढंच सांगते, की तपासायची वस्तू आधी सोडवून बाहेर काढा, आणि त्याच्याही आधी नळ्या बघा. फुकट असतं ते.

त्या दिवशी मात्र नोकरी गेलीच असं धरून मी पिशवी उचलली, घरी जायला निघाले. आप्पा फाटकात आडवे उभे.

"कुटं चाललीस? उद्या वेळेवर ये. गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीची तार सोडवायची, मला हाक मारून दाखवायची, मग तुझी काय हुशारी हाय ती चालव."