भाताच्या खळीनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिणं हे शिकल्या-सवरलेल्यांचं काम, मी अजून शिकतोच आहे. तरी लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो.

आमचं गाव घोडेगावच्या वर, डोंगरात. गेल्या पावसाळ्यात भाताच्या बांधावरून घसरून आईचा हात मोडला. वडील पारगावला कारखान्यावर, मी पुण्यात. ती एकटीच मंचरच्या एका दवाखान्यात गेली आणि दुपारपर्यंत भलत्याच दारासमोर बसून परत आली. पाट्या वाचता येत नाहीत, आणि विचारायची लाज. "मी न्हाई जायची परत एकटी," असं तिनं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी येऊन तिला प्लास्टर घालून आणलं, पण हात तर पुन्हा पुन्हा दाखवावा लागणार होता.

कॉलेजात तेव्हा आम्हाला प्रोजेक्ट निवडायचा होता. मी बीकन घेतले. काडेपेटीएवढी पांढरी डबी, आत बटणासारखा सेल. ती सारखी एकच गोष्ट करते, आपला नंबर हवेत सांगत राहते. ब्लूटूथ चालू असलेला फोन तो ऐकतो आणि आवाज किती जोरात येतो त्यावरून डबी किती जवळ आहे याचा अंदाज बांधतो. इंटरनेट लागत नाही. आईला सांगितलं, "पलीकडच्या टेकाडावरून कुणी कूक घालून हाक मारली, की माणूस किती लांब आहे ते तुला कळतंच ना, तसंच."

माझा जुना फोन तिला दिला. कुठल्या नंबराची डबी कुठल्या दारावर, ते त्यात भरलं आणि प्रत्येक दारासाठी माझाच आवाज. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डब्या लावायला परवानगी दिली.

दसऱ्याला मी डब्या घरी आणल्या होत्या. आईनं विळा, कोयता, खुरपं यांच्याबरोबर त्याही पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. "लेकराची हत्यारं हायती," म्हणाली. मला लई बरं वाटलं.

दसऱ्यानंतर दवाखाना उघडल्यावर तिला घेऊन मंचरला गेलो. डब्यांवर दारांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या, त्या बघून डब्या लावल्या. आई फोन कानाला धरून चालू लागली. संडासापाशी फोन बोलला, "आई, इथं एक्स-रे काढतात."

दारावरचा वॉचमन हसला. "काय राव, संडासात फोटो काढता व्हय?"

मी एक डबी उतरवली. चिठ्ठीच्या कडेला वाळलेली भाताची खळ होती. आई हळूच म्हणाली, "डब्या पूजेला पुसायच्या व्हत्या, चिठ्ठ्या भिजत्याल म्हणून काढल्या. मंग खळीनं परत लावल्या." चिठ्ठ्या सगळ्या नीट, सरळ लावलेल्या. फक्त भलत्याच डब्यांवर. तिला कसं कळणार?

ती तिथंच बाकावर बसली, पदर तोंडाला लावून. "माझ्यापाई तुझं काम बिघडलं. न्हाई यायची मी आता हितं."

"आये, डबीला दार कुठं ठाऊक असतं? ती नुसता नंबर सांगते. दार फोनात लिहिलंय, ते बदलतो."

एकेका डबीपाशी फोन नेऊन नंबर बघितले, फोनात दारं बदलली. तिच्या चिठ्ठ्या मात्र हलवल्या नाहीत. त्या दिवशी उरलेली सगळी दारं फोननं बरोबर सांगितली, पण ती माझा हात सोडेना. पुढच्या खेपेला एकटी जाईल का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मी पुण्याला परतलो. पुढच्या तारखेला फोन लावत राहिलो. वर गावात रेंज नसते. संध्याकाळी घोडेगावात उतरल्यावर तिचाच फोन आला.

"जाऊन आले. हाड जुळलं म्हणाले."

"दार सापडलं?"

"तू कानात बोलतच व्हतास की," ती म्हणाली. "आरं, तिथं एक बाई पोर घेऊन उभी व्हती. मला म्हणाली, मावशे, फोटो कुठं काढत्यात? मी नेऊन दावलं तिला दार."