इंजिनाचा अंगठा

मुंबईहून आलेले दुसरे पार्सलही चुकीचे निघाले, तेव्हा मोटारीच्या पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीला, बारा दिवस उरले होते. गफ्फार मिस्त्रीने गॅसकेट इंजिनावर ठेवले, बोल्टांची छिद्रे पाहिली आणि मान हलवली.

"मुन्शीजी, हे बी तेच."

गॅसकेट म्हणजे इंजिन आणि त्याचे वरचे झाकण यांच्यामध्ये बसणारा तांब्याचा पातळ पत्रा. त्यातले एक छिद्र चुकले तरी पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हे मला मिस्त्रीने समजावले. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तथापि वाशीमच्या कचेरीसमोर वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्यास अशा गोष्टी समजण्यास विलंब लागत नाही.

मोटार अनसिंगच्या शेवंताबाईंची. यजमान निवर्तल्यापासून ती गोठ्यात उभी होती. ती दुरुस्त करून अनसिंग ते वाशीम भाड्याने चालवावी आणि त्यावर घर चालवावे, असा बाईंचा बेत. परमिटचा अर्ज मीच लिहिला होता. पासिंगच्या दिवशी मोटार चालू नसेल तर परमिट दुसऱ्या अर्जदारास जाणार होते.

सुटे भाग मागवण्याचे पत्रही माझेच. नोंदणीपुस्तकातला इंजिनाचा नंबर मी इंजिनावरच्या पितळी पट्टीशी ताडून पाहिला. तंतोतंत एक. तोच कळवला. गॅसकेट आले, बसले नाही. चूक दुकानदाराची, याविषयी मला शंका नव्हती. मी दोन पानी कडक तक्रार रवाना केली. उत्तरादाखल तसेच दुसरे गॅसकेट आले. सोबत चिठ्ठी: "आपल्या नंबरास हेच लागते."

पुस्तक बरोबर, पट्टी बरोबर, माल बरोबर. आणि बसत मात्र नाही. माझी मती गुंग झाली.

"इतकी वर्षे उभे राहून इंजिन फुगले तर नसेल?" मी विचारले.

"लोखंड हाय मुन्शीजी, भाकर नाही!"

शेवंताबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पयलं इंजिन फुटलं होतं ना. मालकानं अमरावतीहून दुसरं आनलं. तवाच्या मिस्त्रीनं जुनी पट्टी याच्यावर ठोकली, पुस्तकाशी जुळाले पायजे म्हनून."

"बाई, हे आधी का सांगितले नाही?"

"मले इचारलं कोनं? तुमी तं पुस्तकच वाचून राह्यले होते."

गफ्फारने पट्टी उचकटली. खाली नंबर नव्हता. कानशीने घासलेला होता. आता पत्रात लिहावे काय? मी टाक हाती घेऊन बसलो, आणि वीस वर्षांत प्रथमच मजकूर सुचेना.

"मले लिहिता येत नाही, तं तुमी माया अंगठा घेतला," बाई म्हणाल्या. "मंग याचाई घ्या ना."

गफ्फारने झाकण काढलेल्या इंजिनाच्या माथ्यावर काळे तेल फासले. मी माझा मोठा कागद त्यावर दाबून धरला. उचलला, तर एकूण एक छिद्र कागदावर उमटलेले. खाली मी रीतसर लिहिले, "निशाणी इंजिनाची", साक्षीदार म्हणून गफ्फारची सही घेतली आणि तो कागद मुंबईच्या दुकानदारास रवाना केला.

पासिंगच्या आदल्या दिवशी पार्सल आले. गॅसकेट बसले. इंजिन बदलल्याचा खुलासा मी कागदांना जोडला होता. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी तो वाचला, मोटारीतून एक फेरी मारली आणि सही केली. पुढच्या आठवड्यात शेवंताबाईंची मोटार वाशीमच्या फेऱ्या करू लागली.

हल्ली कोणी जुन्या मोटारीचा भाग मागवण्यास आले, तर मी नंबर शेवटी विचारतो. आधी विचारतो, घरातल्या बाई कुठे आहेत.