पोचल्याचा फोन

शनिवारी भाजी आणायला गेलेला महेश अर्ध्या तासात रिकाम्या पिशव्या घेऊन परत आला आणि बूट न काढता थेट स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहिला. माझा मुलगा तो. इथे जर्मनीत लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात इतकी वर्षं नोकरी करतोय, पण बूट घालून माझ्या ओट्यापाशी कधी आला नव्हता. मी रागावणार तेवढ्यात म्हणाला, "आई, शेगडी बंद कर आधी. ट्यूबिंगेनहून आत्याच्या शेजारणीचा, फ्राऊ केलरचा फोन होता... निमाआत्या गेली." आता अशा वेळी माणूस काय बोलतं बघा. मी त्याला म्हटलं, "अरे, पण उद्या रविवार ना? उद्या दहाला तिचा फोन यायचाय."

निमा म्हणजे निर्मला, माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन कऱ्हाडला आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, नुकतीच सांधेतापातून उठलेली. तिच्या वेण्या मी घातल्यात. त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप अधू झाली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि पुढे सगळे विसरले, कारण तीच विसरायला लावायची. लग्न केलं नाही. पुण्याला इंग्रजी शिकवत राहिली. मी सातवी पास. वाचायला शिकले ती घरात येणाऱ्या पेपरावर, पण इंग्रजी अक्षरं ओळखायला तिनंच शिकवलं, तांदूळ निवडता निवडता. मी चुकले की म्हणायची, "वहिनी, तू भाकरीला कधी घाबरतेस का? मग या अक्षरांना कशाला घाबरतेस?"

पुण्याच्या एका कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरांना ती संध्याकाळी इंग्रजी शिकवायची. त्यातल्या एकाच्या बायकोची ट्यूबिंगेनला छोटीशी भाषाशाळा होती, तिनं निमाला बोलावून घेतलं. अठ्ठेचाळीस वय, एकटी बाई! कऱ्हाडला नुसता गोंधळ. तिचे मधले भाऊ, आमचे वसंतभाऊजी, म्हणाले, "इंग्रजी शिकवायला इंग्लंड सोडून जर्मनीला कोण जातं गं? आणि आजारी पडलीस तर?" ही म्हणाली, "पडले तर तुला सांगणार नाही, मग झालं?" आम्ही हसलो. त्या वेळी हसण्यासारखंच होतं ते...

ती निघाली त्या दिवशी मी घरात झाडू हातात घेतला नाही. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या मागे लगेच केर काढायचा नाही, हे आपल्याकडे आहेच, पण माझ्या सासूबाईंचा कायदा त्याहून कडक होता. पोचल्याचा निरोप येईपर्यंत झाडू कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निमाचा फोन आला. मी म्हटलं, "बरं झालं बाई, उंबऱ्यापाशी वाळू साचलीय." तर ती इतकी हसली, "अगं वहिनी, माझी इथे दोन जेवणं झाली आणि तू अजून केर सांभाळत बसलीयेस?"

पुढे आमचे हे गेले आणि महेशनं मला इकडे आणलं. मग आम्हा नणंद-भावजयांचं दर रविवारी सकाळी दहा वाजता बोलणं सुरू झालं. दोनतीनदा मी तिच्याकडे राहूनही आले. नदीकाठचं गाव, लाकडाच्या पट्ट्या बाहेर दिसणारी, एकमेकांना टेकून उभी असलेली जुनी घरं, चढाचे दगडी रस्ते. निमाचं घर घड्याळांच्या एका बंद पडलेल्या दुकानावर. पहिल्या मजल्यावर फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, सत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्यावर निमा. दारावर पितळी पट्टीत फक्त तिचं नाव होतं. ते तिनं मला बोट फिरवून दाखवलं, "वहिनी, माझ्या नावाचं दार आयुष्यात पहिल्यांदा."

आणि त्या नावाखाली खिळ्याला टांगलेली एक लाकडी पाटी. केरवोख म्हणतात त्याला तिकडे. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडून पुसून घ्यायचा आणि काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर नेऊन लावायची. एक आठवडा फ्राऊ केलर, एक आठवडा निमा. कुणी विचारत नाही, कुणी ओरडत नाही, पण पाटी सगळं बोलते. मी म्हटलं, "काय वन्सं, माहेरी कधी झाडू धरला नाहीत, इथे बरा धरता!" तर म्हणाली, "माहेरी माझी पाळी कधी लागूच दिली नाहीत तुम्ही. सारखं आपलं, निमा, तू बस."

तिचा वर्ग मी मागच्या बाकावर बसून पाहिलाय. बेकरीवाली बाई, एक नर्स, दोन निवृत्त आजोबा आणि आपल्या फ्राऊ केलरसुद्धा! पहिल्या दिवशी म्हणे एका आजोबांनी विचारलं होतं, खऱ्या इंग्रजी बाई कधी येणार? ही म्हणाली, "इंग्रजी आमच्या घरी दीडशे वर्षं राहून गेलीय, तुमच्याकडे आत्ता पाहुणी आलीय. पाहुणीशी कसं वागायचं ते आमच्याकडून शिका." तेच आजोबा पुढे तिच्यासाठी बागेतली सफरचंदं आणायचे. सगळ्यांना पहिला धडा एकच. प्लीज कम इन. सिट, सिट. नो हरी. मलाही फोनवर हाच धडा.

आता जे सांगायचंय ते सांगते, मग मला जरा मोकळं वाटेल... वाटेल का, कुणास ठाऊक. जानेवारीतल्या एका रविवारी निमा म्हणाली, "या आठवड्यात माझी पाळी आहे गं, जिना राहिलाय." पुढच्या रविवारी म्हणाली, "जिना राहिलाय." मी म्हटलं, "आळशी झालीस." तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. आवाज जरा बसलेला, म्हणाली थंडीनं. मी वर तिला चिडवलं, "झाडू पाठवू का महेशच्या हाती?" ती हसली आणि मधेच थांबली. मला वाटलं, लाइन गेली.

दोन घरांचा जिना. एक आठवडा हिचा, एक तिचा. सलग तीन आठवडे निमाची पाळी येईलच कशी? पापड किती लाटून झाले हे न बघता सांगणारी बाई मी, मला तीन रविवार मोजता आले नाहीत. ती झडप मला माहीत होती. लहानपणी ओसरीच्या चार पायऱ्या चढून ती दाराला धरून उभी राहायची, ते मी पाहिलं होतं. सगळं माहीत होतं हो... आणि तिनं तरी सांगावं कसं? सांगितलं असतं तर महेश दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेला असता, वसंतभाऊजींनी परत चल म्हटलं असतं. ते नावाचं दार गेलं असतं. म्हणून तिनं फक्त जिन्याचं सांगितलं, आणि मी जिन्याचंच ऐकलं.

त्या शनिवारी ती बादली घेऊन जिना पुसायला बसली. वरच्या सहा पायऱ्या पुसून झाल्या होत्या. फ्राऊ केलर दार उघडून बघतात तर ही भिंतीला टेकून बसलेली, फडका हातात. अँब्युलन्स आली, पण काही उरलं नव्हतं.

तिथं पोचलो तेव्हा पाटी तिच्याच दारावर होती. आत टेबलावर मुलांच्या... मुलांच्या कसल्या, आजोबांच्या वह्या तपासून ठेवलेल्या, आणि शेजारी एक चिठ्ठी. महेशनं वाचून दाखवली: "प्रिय फ्राऊ निर्मला, जिना अजून झाडायचा राहिला आहे. स्नेहपूर्वक नमस्कार, आपली केलर." मी चिठ्ठी घेऊन बाहेर आले. फ्राऊ केलरनी ती माझ्या हातात पाहिली आणि तिथंच पायरीवर बसल्या. काहीतरी जर्मनमध्ये बोलत राहिल्या, तोंडावर हात धरून. मला त्यांचा राग यावा असं महेशला वाटलं असेल. पण त्यांनी चिठ्ठी तरी लिहिली, मी तर चेष्टा केली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तोंडातून आलं, "सिट, सिट. नो हरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला तेवढीच भाषा होती, आणि ती देणारी नव्हती.

व्हिसाच्या खटपटीत वसंतभाऊजींना येता आलं नाही. दहन झालं, पण अस्थी इथे आपल्या हातात देत नाहीत. कागद, शिक्के, पुन्हा कागद. महेश म्हणाला, "आई, कलश परस्पर कऱ्हाडला जाईल, पण वेळ लागेल." आम्ही खोली आवरून निघालो तेव्हा फ्राऊ केलर बादली आणि झाडू घेऊन आल्या. राहिलेला जिना पुसायचा होता त्यांना. मी झाडूचा दांडा धरला. "नॉट नाऊ," म्हटलं. "निमा गो. होम. नो फोन. नॉट नाऊ." महेश म्हणाला, "आई, असू दे, त्यांना काय कळणार?" पण त्यांनी झाडू भिंतीला उभा करून ठेवला.

त्यानंतर दर रविवारी बरोबर दहाला फ्राऊ केलरचा फोन यायला लागला. "मिसेस वहिनी? नाऊ?" मी म्हणायची, "नॉट नाऊ." झालं, फोन बंद. चार आठवडे! तिकडची बाई आणि चार आठवडे जिना न झाडता राहिली. लोक काय म्हणाले असतील तिला...

गेल्या गुरुवारी कऱ्हाडहून फोन आला.  वसंतभाऊजी म्हणाले, "वहिनी, निमा पोचली."

रविवारी दहा वाजता फ्राऊ केलरना मी "येस, नाऊ" म्हटलं. त्या "गूड" म्हणाल्या, आणि मग हळूच, की एक तारखेला वर नवीन भाडेकरू येणार आहे. म्हणजे जिना पुसून झाला की त्या निमाच्या दारावरची पाटी काढणार, आपल्या दारावर लावणार, आणि पुढच्या वेळी ती त्या नव्या माणसाकडे जाणार. रीतच आहे ती. एवढी एक पाटी राहू द्या हो, असं मला म्हणायचं होतं. पण तेवढं इंग्रजी निमानं मला शिकवलं नव्हतं.